औषधाच्या आधी

पिल्लू घरात शिरताना चौकटीखाली मान वाकवायचा, इतका तो उंच होता. आईनं लाडानं ठेवलेलं ते नाव त्याच्या अंगाला कधी शोभलं नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. फरश्या बसवणं हा त्याचा धंदा. दिवसभर गुडघ्यांवर ओणवं राहायचं, जड फरशी उचलून आणायची, रबरी हातोडीनं ठोकून समतल करायची, की पुढची. अशा माणसाची कंबर दुखायला लागली तर घरात कोण घाबरणार? आईनं शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. फिजिओथेरपिस्टनं व्यायाम शिकवले, पट्टा बांधायला सांगितला. एक्स-रे काढला, तोही स्वच्छ निघाला. वय झालं तुझं, असं ताई म्हणाली, तर तो म्हणाला, तुझ्यापेक्षा अजून लहानच आहे.

ताई त्याची मोठी बहीण. कुणाचं घट्ट झालेलं सैल करून दे, कुणाचं लांब झालेलं आखूड करून दे, असं कपडे दुरुस्तीचं तिचं दुकान होतं. तिचा संसार मोडला होता आणि पिल्लूचा कधी जमलाच नव्हता, म्हणून दोघंही आईजवळ राहत. दिवसभर तिघांची तोंडं तीन दिशांना, पण जेवायला मात्र एकत्र.

काळजीचा किडा ताईच्या डोक्यात शिरला तो पिल्लूच्या पँटमुळे. कामावरची पँट कमरेत ढगळ व्हायला लागली म्हणून त्यानं ती आत घ्यायला दिली. तिनं घेतली. काही दिवसांनी तीच पँट पुन्हा तिच्या मशिनवर येऊन पडली. भूकच लागत नाही गं, असं तो सहज म्हणाला. मग ती त्याच्याकडे बारकाईनं बघायला लागली. कामानं दुखणारी कंबर आडवं झालं की शांत व्हायला हवी. याची आडवं झालं की जास्त ठणकायची. सकाळी उठून ती बाहेर यायची तेव्हा हा खुर्चीत ताठ बसलेला असायचा, डोळे लाल, ओठ सुकलेले. अंगात कणकण असायची, पण थर्मामीटर लावला तर तो डोक्याला हात लावण्यासारखं काही दाखवायचा नाही. शेवटी एक दिवस तिनं दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई ताईपेक्षा वयानं लहान होत्या आणि बोलायला मोजक्या. त्यांनी पिल्लूला टेबलाच्या कडेवर बसवलं, मागून शर्ट वर केला आणि मुठीच्या कडेनं एकेका मणक्यावर हलकेच ठोकत वरून खाली यायला लागल्या. इथे दुखतं? इथे? पिल्लू दर ठोक्याला नाही म्हणत होता. कमरेपाशी एका जागी ठोका पडला आणि त्या दांडग्या माणसाचा आवाजच गेला. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टरबाईंनी तिथे पुन्हा हात लावला नाही.

मग प्रश्न सुरू झाले. मागे कधी गळू झालं होतं? दाढ किडली होती? लघवीचा काही त्रास? एखादी जखम चिघळली होती? पिल्लूनं उजव्या गुडघ्यावरचा वण दाखवला. फरशीची कपची घुसली होती, पू झाला होता, पण तो वाहून गेला आणि जखम भरून आली, त्याला आता खूप दिवस झाले, असं तो म्हणाला. डॉक्टरबाईंनी त्या वणावरून बोट फिरवलं.

"त्या वेळी किंवा आता हल्ली, अँटिबायोटिक घेतलंत का कुठलं?"

"नाही," पिल्लू म्हणाला. त्याच्या समजुतीप्रमाणे ते अगदी खरं होतं.

रक्त तपासलं तर शरीरात कुठेतरी सूज आहे असं सांगणारे आकडे भलतेच चढलेले निघाले. लगेच एमआरआय ठरला. त्यासाठी सपाट पडून राहायला लागतं आणि तेच पिल्लूला जमत नव्हतं. दुखण्याचं इंजेक्शन देऊन त्याला आत घातलं. ताई बाहेर बाकावर बसून भिंतीपलीकडची ठकठक ऐकत राहिली. तो बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. आपण कुणाच्या घरी फरशी फोडायला घेतो तेव्हा शेजाऱ्यांना काय वाटत असेल ते आज कळलं, असं म्हणून तो हसला. ताईला हसू आलं नाही.

डॉक्टरबाईंनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. पाठीचे मणके एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखे दिसत होते आणि दर दोन ठोकळ्यांमध्ये एक गादी. खालच्या अंगाला एका ठिकाणी गादी जवळजवळ नाहीशी झाली होती. तिच्या वरच्या आणि खालच्या मणक्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. इथे जंतूंनी घर केलंय, त्या म्हणाल्या. गुडघ्यातून रक्तात आणि रक्तातून इथे, असा रस्ता असू शकतो. पण खात्री नाही.

एवढं ऐकूनही ताईला एका बाजूनं सुटल्यासारखं वाटलं. कळलं एकदाचं. आता सलाईन लागेल, औषध सुरू होईल, हा बरा होईल. तिनं तसं विचारलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध आत्ता द्यायचं नाही.

"जंतू आहे हे कळलंय ना?" ताई म्हणाली. "मग थांबायचं कशासाठी?"

"जंतू आहे एवढं कळलंय. कुठला, ते नाही. साधा पू करणारा असेल तर एक औषध. क्षयाचा असेल तर औषधं पूर्ण वेगळी आणि फार लांबलचक. अंदाजानं काहीतरी सुरू केलं तर तो मरणार नाही, नुसता दडून बसेल. मग आपण काय मारतोय तेच आपल्याला कळणार नाही."

"आणि तोवर त्यानं मणका खाल्ला तर?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "म्हणूनच त्यांना घरी सोडत नाहीये. पायातली ताकद कमी झाली, बधिर वाटलं, लघवी अडली, यातलं काहीही झालं तर मी क्षणभर थांबणार नाही. पण आज पाय चांगले आहेत. तेवढ्या वेळात आपण त्याला ओळखून घेऊ."

पिल्लूनं मान डोलावली. ताईला मात्र हे गळ्याखाली उतरेना. औषधाच्या बाटल्या समोरच्या कपाटात रांगेनं उभ्या आणि माणूस पलंगावर तळमळतोय, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

दोन्ही दंडांतून वेगवेगळं रक्त काढलं. त्यातले जंतू वाढवून बघणार होते. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या मदतीनं नेम धरून पाठीतून लांब सुई घातली आणि कुरतडलेल्या जागेचा कण काढून आणला. ती सुई ताईनं चुकून ट्रेमध्ये पाहिली आणि पुढचा बराच वेळ तिला स्वतःच्या पाठीत काहीतरी टोचत असल्याचा भास होत राहिला.

त्यानंतर नुसती वाट बघायची. सिस्टर ठरल्या वेळी येऊन पिल्लूचे पाय तपासायच्या. तळव्यावर हात धरून दाबायला सांगायच्या, पंजा वर ओढायला सांगायच्या, कापसानं स्पर्श करून विचारायच्या. ताईला तेवढं पुरत नसे. सिस्टरची पाठ वळली की ती म्हणायची, बोटं हलव. तो हलवायचा. चहा आणला की बोटं हलव. पेपर वाचत बसला की बोटं हलव. शेजारच्या पलंगावरचे आजोबा झोपेतून जागे झाले आणि त्यांनीही सवयीनं आपली बोटं हलवून दाखवली, तेव्हा पिल्लू इतका हसला की कंबर धरून कळवळला.

आईला त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. कमरेत उसण भरलीय, वजनं बांधून झोपवून ठेवलंय, चार दिवसांत येतो, असं ताईनं ठोकून दिलं होतं. आईला चालताना धाप लागायची, म्हणून तिला दवाखान्यात आणायचं नाही हेही ठरलं होतं. रोज दुपारी आईचा फोन यायचा आणि ताई कॉरिडॉरमध्ये जाऊन सगळं कसं छान चाललंय ते सांगायची. खोटं बोलताना तिचा आवाज जरा वर चढायचा. आईला ते लहानपणापासून माहीत होतं, पण फोनवर ती काही म्हणाली नाही.

मग रिपोर्ट यायला लागले. रक्तात काही वाढलं नाही. थांबा, म्हणाले. आणखी थांबल्यावरही काही वाढलं नाही. सुईनं काढलेल्या कणात पेशी सुजेच्या होत्या, कॅन्सर नव्हता. पण क्षयाची लक्षणं नव्हती आणि साधा जंतूही दिसला नाही. डॉक्टरबाई रिपोर्ट हातात घेऊन पलंगाच्या पायथ्याशी आल्या. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. जनावरांशी संबंध? कच्चं दूध? दूरचा प्रवास? अँटिबायोटिक? पिल्लू सगळ्याला नाही म्हणाला. त्या गेल्या. इतका वेळ ती एका जंतूला भीत होती. आता ज्याला नावच नाही अशा कशाला तरी भ्यायचं होतं.

त्या दुपारी आईचा फोन आला. ताईनं नेहमीचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. आईनं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मी त्याच्या पिशवीत घातलेल्या गोळ्या संपल्या असतील ना? दुसरं पाकीट देऊ का पाठवून?"

"कसल्या गोळ्या?"

"कणकणीच्या. मला मागे लघवीला जळजळ होत होती तेव्हा डॉक्टरांनी दिल्या होत्या बघ, पुष्कळ उरल्यात. कधीचं अंग कसकसतंय त्याचं. मी देत होते संध्याकाळी एकेक. बरं वाटायचं त्याला."

ताईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग, बघते, असं म्हणून ठेवला. ती वॉर्डात आली आणि तिनं पिल्लूची दाढीच्या सामानाची पिशवी उघडली. साबणाखाली अर्धं रिकामं पाकीट होतं. हे काय, असं तिनं विचारलं. आईची तापाची गोळी, तो म्हणाला, रोज घेतो, कालही घेतली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो उठून बसायला लागला.

पाकीट घेऊन ती डॉक्टरबाईंना शोधायला निघाली तेव्हा तिला शरमेनं कान तापल्यासारखे वाटत होते. आता त्या बोलणार, रागावणार, एवढं साधं सांगता आलं नाही का म्हणणार. डॉक्टरबाईंनी पाकिटाच्या मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि डोळे मिटून श्वास सोडला.

"बरं झालं आणलंत," त्या म्हणाल्या. "आता निदान कोडं तरी राहिलं नाही. हे अँटिबायोटिकच आहे. जंतूला मारण्याइतकी ही गोळी नव्हती, पण तो आपल्याला दिसू न देण्याइतकी होती."

मग त्यांनी पुढचं समजावून सांगितलं. गोळ्या बंद करायच्या. मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे दडलेला जंतू पुन्हा डोकं वर काढेल. मग पुन्हा सुई. म्हणजे तो वाढावा म्हणून वाट बघायची. भावाच्या पाठीत.

ते दिवस तिनं कसे काढले ते तिला नंतर धड सांगता आलं नाही. दुकान बंदच होतं. ती सकाळी यायची, खुर्ची पलंगाला चिकटवायची आणि त्याच्या पायांवर डोळे लावून बसायची. त्याला आता खरा ताप चढायला लागला होता. संध्याकाळी हुडहुडी भरायची. बोटं हलव म्हटलं की तो हलवायचा, पण विनोद करायचं त्यानं सोडलं होतं. एकदा म्हणाला, "ताई, आईला सांगू नको हं गोळ्यांचं." ती म्हणाली, "मी कशाला सांगतेय?"

एका सकाळी तो बाथरूमला निघाला. सिस्टर एका बाजूनं, ताई मागून. पाच-सहा पावलं गेला असेल नसेल, त्याच्या डाव्या पायातली रबरी चप्पल सुटून मागे राहिली. तो तसाच पुढे गेला. ताई चप्पल उचलायला वाकली आणि मग तिच्या लक्षात आलं, की त्याला कळलंच नाही.

"पिल्लू," ती म्हणाली. "तुझी चप्पल कुठाय?"

त्यानं खाली पाहिलं. एक पाय चपलेत, एक अनवाणी. त्यानं अनवाणी पायाचा पंजा वर उचलायचा प्रयत्न केला. बोटं थरथरली, पंजा जमिनीवरच राहिला.

सिस्टरनी त्याला तिथेच खुर्चीवर बसवलं आणि त्या फोनकडे धावल्या. त्यानंतर कुणीच थांबलं नाही. डॉक्टरबाई आल्या, पंज्यावर हात ठेवून वर ओढा म्हणाल्या, त्याला जमेना. पुन्हा एमआरआय. मणक्यामागे पू साचला होता आणि तो पायाकडे जाणाऱ्या नसांना चेपत होता. ऑपरेशनवाले डॉक्टर आले, त्यांनी सही घेतली. पिल्लूनं सही केली आणि पेन ताईकडे देताना तिचा हात धरला. त्याचा हात कढत होता. "आईला बोलाव," तो म्हणाला. बस्स एवढंच.

ताईनं आईला फोन केला तेव्हा पहिल्यांदाच तिचा आवाज वर चढला नाही. टॅक्सी करून आई आली. लिफ्टपासून बाकापर्यंत येताना ती दोनदा थांबली. ताईनं तिला सगळं सांगितलं. जंतू, मणका, सुई, पाय. गोळ्या सोडून सगळं. आई ऐकत राहिली. मग तिनं पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि बंद दाराकडे बघत बसली.

दिवस कलायला लागला तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. पू निघाला, नस मोकळी झाली, पू लगेच तपासायला पाठवला आणि आता औषधही सुरू केलंय, असं त्यांनी सांगितलं. पायाचं काय होईल हे आज सांगता येणार नाही. त्या वळणार तेवढ्यात आई उभी राहिली.

"मी दिलेल्या गोळ्यांनी झालं का हो हे?"

ताई मध्ये पडायला गेली. आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. पाकिटाबद्दल फोनवर विचारलं तेव्हा ताई गप्प झाली होती, आणि त्या गप्प होण्यातून आईनं सगळं तेव्हाच ओळखलं होतं.

डॉक्टरबाई पुन्हा तिच्याकडे वळल्या. "जंतू तुमच्या गोळ्यांनी आला नाही," त्या म्हणाल्या. "तो ओळखायला उशीर मात्र त्यांनी झाला. दोन्ही खरं आहे."

"बरं," आई म्हणाली. "कुणीतरी सरळ सांगितलं." आणि ती खाली बसली. ताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो आईनं झटकला नाही. मग ती म्हणाली, मला पाणी दे.

पुवात जंतू सापडला. त्वचेवरच्या जखमांत पू करतो तोच, गुडघ्यातूनच गेलेला असावा असा. क्षय नव्हता. कुठल्या औषधानं तो मरतो तेही प्रयोगशाळेनं कळवलं आणि आधीचं औषध बदलून नेमकं तेच लावलं. दंडातून आत एक बारीक नळी बसवली आणि तिच्यातून रोज औषध जायला लागलं. ताप उतरला. भूक लागली. एके दिवशी आईसमोर पिल्लू म्हणाला, तुझ्या हातची गोळी नको, जेवण चालेल. आई आधी गंभीर झाली, मग म्हणाली, जिवंत आहेस म्हणून ऐकून घेते.

पाय हळूहळू आला. आधी अंगठा, मग पंजा थोडा वर. पूर्ण नाही. घरी आल्यावर तो पाय किंचित आपटत चालायचा आणि जिन्यावर कठडा धरायचा. फरश्या उचलायचं काम डॉक्टरबाईंनी बंद करायला लावलं. आता तो दुसऱ्यांकडून काम करून घेतो, उभा राहून चुका काढतो. यासाठी आपण जन्मापासून तयार होतो, असं म्हणतो. रक्तातले आकडे खाली आले, नळी निघाली, मग तोंडानं घ्यायच्या गोळ्याही संपल्या. सारखं यायची गरज नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

भीती मात्र राहिली. औषध थांबलं त्याच महिन्यात एका संध्याकाळी पिल्लू दारात मान वाकवून आत आला आणि म्हणाला, कंबर दुखतेय आज. आईच्या हातातलं भांडं टेबलावर जरा जोरात टेकलं. ताईनं थर्मामीटर आणला. ताप नव्हता. तिनं त्याला बसवलं आणि मुठीच्या कडेनं मणक्यांवर हलकेच ठोकत आली, डॉक्टरबाईंसारखी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली त्याची हाडं चाचपत. इथे? नाही. इथे? नाही. मग जिथे टाक्यांचा वण होता तिथे तिचा हात थबकला.

"मार की," पिल्लू म्हणाला.

तिनं ठोकलं. तो हलला नाही. मग दुखतंय कुठे, असं तिनं विचारलं, तर त्यानं बाजूचा स्नायू दाखवला. सकाळी सामानाची बादली बाजूला सरकवली होती, तीही एका हातानं. डॉक्टरबाईंनी नको सांगितलेलं असताना.

ताईनं त्याला मनसोक्त झापलं. आईनंही त्यात भर घातली. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मध्येच, कुणी सांगितलं नसताना, पायाची बोटं हलवून बघत होता. सकाळपर्यंत दुखणं कमी झालं होतं. तरी ताईनं दुकान उघडायच्या आधी दवाखान्यात फोन लावला आणि रक्त तपासायला कधी आणू, ते विचारून घेतलं.